आधी कुणाचे पैसे द्यायचे?

पगार थांबला की माणूस आधी खर्च कापायला बसतो. आम्हीही बसलो होतो. पण सगळं कापून झाल्यावरही हातातले पैसे पुरत नाहीत, तेव्हा खरा प्रश्न समोर येतो. जी देणी आहेत त्यातलं आधी कुणाचं भागवायचं आणि कुणाला थांबा म्हणायचं? 2020 च्या एप्रिलमध्ये आमच्या घरात हा प्रश्न आला. त्याचं उत्तर शोधता शोधता घराचा सगळा हिशेबच नव्यानं मांडावा लागला. परवा एका मैत्रिणीच्या नवऱ्याची नोकरी गेली. तिनं फोनवर विचारलं, "तुम्ही त्या वेळी निभावलंत कसं?" फोनवर अर्धवटच सांगता आलं, म्हणून आता सविस्तर लिहिते आहे.

आम्ही लालबागला चाळीत राहतो. सासरे गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होते, खोली त्यांच्या वेळची. घरात आम्ही दोघं, तेव्हा नववीत गेलेला मुलगा आणि सासूबाई. त्या साताऱ्याकडच्या, म्हणून मी त्यांना आत्या म्हणते. नवरा एका हॉटेलच्या बँक्वेट विभागात सुपरवायझर होता, म्हणजे लग्नं, बारशी, कंपन्यांच्या पार्ट्या. मी अंधेरीत, प्रदर्शनांचे स्टॉल उभारून देणाऱ्या एका कंपनीत अकाउंट्स पाहायचे. म्हणजे लोकांची गर्दी जमली तरच आमच्या घरी पैसा येणार. कोरोनामुळे 22 मार्चला लोकल थांबली आणि 25 पासून सगळा देशच बंद झाला. एप्रिलअखेर नवऱ्याच्या खात्यात काहीच आलं नाही, माझ्या खात्यात निम्मा पगार आला. जूनमध्ये माझी कंपनीही बंद पडली.

सवयीप्रमाणे मी देण्यांची यादी केली. सगळ्यात वर घराचा हप्ता. बदलापूरला आम्ही एक छोटा फ्लॅट घेतला आहे, त्याचं कर्ज. मग शाळेची फी, क्रेडिट कार्ड, वीज, गॅस, मुलाच्या क्लासची फी. अगदी खाली भांड्यांना येणाऱ्या मावशी, डबेवाला, दूधवाला, पेपरवाला. लिहिताना मी फार विचार केला नव्हता. पण लिहून झाल्यावर पाहिलं तर क्रम सरळ भीतीचा होता. ज्याचा फोन येईल, ज्याचं पत्र येईल, तो वर. जो काही बोलणार नाही, तो खाली.

आत्यांना वाचायला जड जातं. त्या म्हणाल्या, "वाचून दाव." मी वाचत गेले. मावशींचं नाव शेवटी आलं तेव्हा त्यांनी मला थांबवलं.

"हे बग, बँक काय उपाशी ऱ्हात न्हाई. ज्येचं पोट रोजच्या रोज भरतंय, त्येचं पैसं आदी दे. बाकीच्यास्नी सांग, थांबा म्हनून."

हे त्यांचं ऐकीव शहाणपण नव्हतं. 18 जानेवारी 1982 ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा त्या पंचविशीत होत्या, कडेवर माझा नवरा. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि तो संप रीतसर मागे घेतल्याचं कुणी कधीच जाहीर केलं नाही. तो विरत गेला, गिरण्या बंद होत गेल्या. आत्या तेव्हा खानावळ चालवायच्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केल्यावर गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांना सावकाराऐवजी बँकेचं कर्ज मिळायला लागलं होतं. आत्यांनीही त्यातूनच स्टोव्ह आणि मोठी पातेली घेतली होती. संपात जेवणारेच बिनपगारी झाले. बरेचसे गावाला गेले. जे राहिले, ते "मावशी, लिहून ठेवा" म्हणायचे. आत्या लिहून ठेवायच्या, म्हणजे भिंतीवर कोळशाच्या रेघा मारायच्या.

मला त्यांनी सांगितलेलं त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दूधवाल्याचं. त्याचा तबेला गोरेगावकडे होता, म्हशींचा चारा तो रोज रोखीनं आणायचा. चाळीत सगळ्यांनीच त्याचं बिल थांबवलं असतं तर त्याला चारा आणता आला नसता आणि मजल्यावरच्या तान्ह्या पोरांचं दूध बंद झालं असतं. म्हणून बायकांनी आपसात ठरवलं, हातात काहीही आलं तरी पहिलं दूधवाल्याचं. वाण्याकडे माल भरलेला होता, तो महिना दोन महिने कळ सोसू शकत होता, म्हणून तो दुसरा. भाडं सगळ्यात शेवटी. दया दाखवायची म्हणून त्यांनी असं केलं नव्हतं. कुणाकडे किती साठवण आहे आणि कोण किती दिवस तग धरेल याचा तो पक्का हिशेब होता. मी वाणिज्य शाखेची पदवीधर, पण ज्यांचं देणं आहे त्यांच्याकडे या नजरेनं पाहायला मला कुणी शिकवलं नव्हतं.

मी यादी उलटी केली.

पण बँकेला थांबवायचं कसं? रिझर्व्ह बँकेनं 27 मार्चला कर्जाचे हप्ते तीन महिने लांबवण्याची मुभा दिली होती, ती पुढे 31 ऑगस्टपर्यंत वाढली. तेव्हा बऱ्याच लोकांना वाटत होतं की हप्ता माफ झाला. तो माफ झाला नव्हता, व्याज चालूच होतं. आमचं 12 लाख मुद्दल बाकी होतं, व्याज 8 टक्के, हप्ता साडेअकरा हजारांच्या जवळ, आणि 180 हप्ते राहिले होते. एप्रिल ते ऑगस्ट असे पाच हप्ते लांबवले तर मुद्दलात साधारण साडेचाळीस हजार चढत होते. हप्त्याची रक्कम तीच ठेवली तर 180 चे 192 हप्ते होत होते. पाच हप्त्यांच्या विसाव्यासाठी बारा हप्ते जास्त. हा आकडा मी नवऱ्याला दाखवला तेव्हा तो बराच वेळ गप्प होता. त्याचं म्हणणं, सोनं ठेवू पण हप्ता भरू.

माझं मत वेगळं होतं आणि आजही ते तसंच आहे. ते बारा हप्ते पंधरा वर्षांनंतर भरायचे होते, तोवर जादा पैसे भरून ते कमीही करता येणार होते. एप्रिलमध्ये मात्र हातातला प्रत्येक हजार कुणाच्या तरी घरची चूल होता. पीएफवर त्या वर्षी साडेआठ टक्के व्याज होतं, म्हणजे पीएफ काढून कर्जाचा हप्ता भरणंही शहाणपणाचं नव्हतं. आम्ही पाचही हप्ते लांबवले. पुढे नोव्हेंबरमध्ये सरकारच्या योजनेतून चक्रवाढ आणि सरळ व्याजातला फरक खात्यात जमा झाला. आमच्या कर्जावर तो आठशे रुपयांच्या आसपास होता. लहानच रक्कम, पण आली.

बँकेचा अर्ज मंजूर झाल्याचा मेसेज आला आणि त्याच आठवड्यात बदलापूरच्या भाडेकरूचा फोन आला. तरुण जोडपं. तो कल्याणला सलूनमध्ये कामाला. सलून बंद म्हणजे कमाई शून्य, कारण त्याला पगार नव्हता, गिऱ्हाइकामागे वाटा होता. "दादा, या महिन्याचं जमणार नाही," एवढंच तो म्हणाला. नवऱ्यानं फोन ठेवला आणि आमचं जोरात वाजलं. त्याचं गणित चुकीचं नव्हतं. साडेपाच हजार भाडं हाच त्या महिन्यातला एकमेव नक्की येणारा पैसा होता, मी ते धरून आकडे मांडले होते. राज्याच्या गृहनिर्माण विभागानं एप्रिलच्या मध्यावर घरमालकांना सूचना केली होती की भाडेवसुली किमान तीन महिने पुढे ढकला आणि भाडं थकलं म्हणून कुणाला बाहेर काढू नका. पण सूचना कागदावर असते, आपल्या खात्यात पैसे येणार नसतात तेव्हा तिचा आधार वाटत नाही.

शेवटी मी एवढंच म्हटलं, "आपण बँकेला थांबवलंय ना? मग आपल्यापुढे उभा आहे त्याला थांबा म्हणायला नको?" नवऱ्यानं रात्री स्वतःच फोन केला. जूनपर्यंत भाडं नको, पुढे सलून उघडलं की निम्म्यानं सुरू कर, राहिलेलं सवडीनं दे. डिपॉझिटला हात लावायचा नाही हेही त्यानंच सांगितलं, कारण डिपॉझिट संपलं की त्या पोराला घर सोडायची वेळ आली तर दुसरीकडे जायला काहीच उरलं नसतं. सलूनं 28 जूनला उघडली. जुलैपासून भाडं यायला लागलं, कधी दोन हजार, कधी तीन. सगळी थकबाकी फिटली नाही आणि आम्ही तिचा पाठपुरावाही केला नाही.

मावशींचं मात्र नाजूक होतं. त्या शिवडीला राहतात, पाच घरची कामं करायच्या. बंद झाल्यावर त्यातल्या तीन घरांनी हात वर केले. मी फोन केला तेव्हा त्याच म्हणाल्या, "ताई, काम नाही तर पैसे कसले? तुमचाच पगार थांबलाय." त्यांना उपकार नको होते. मी म्हटलं, आमच्या दोघांना ऑफिसात वर्षाच्या रजा मिळायच्या, तुम्हाला इतक्या वर्षांत एक तरी भरपगारी रजा दिली का आम्ही? ही ती रजा. एप्रिलचे पूर्ण पैसे दिले. मे महिन्यापासून निम्मे देता येतील आणि तेही ऑगस्टपर्यंतच, हे मी त्यांना तेव्हाच सांगून टाकलं. ते सांगताना जीभ जड झाली होती. पण त्यावर त्यांनी जे ठरवलं ते महत्त्वाचं. त्यांच्या जनधन खात्यात तीन महिने सरकारकडून 500 रुपये येत होते, त्यात आमचे धरून त्यांनी भाड्याचा मेळ घातला आणि धाकट्या भावाकडे गावी जायचं की नाही ते ठरवलं. "बघू, काळजी करू नका" असं मी म्हटलं असतं तर त्यांना काहीच ठरवता आलं नसतं. हातात थोडं असेल तर थोडंच द्यावं, पण किती आणि कधीपर्यंत ते आधी सांगावं. समोरच्यालाही आपलं घर चालवायचं असतं.

डबेवाल्याचं पाहू. रोज सकाळी साडेनऊला आमच्या दारातून माझा डबा उचलणारा माणूस मावळातला. मुंबईचे बहुतेक डबेवाले मावळ, मुळशी, खेड, आंबेगाव, जुन्नर या भागांतले. लोकल बंद म्हणजे त्यांचं कामच बंद, दुसरा मार्गच नाही. तो गावी भातशेतीवर गेला होता. एप्रिलचे पैसे त्याच्या पुतण्याच्या मोबाइलवर पाठवले, पुढच्या महिन्यांत जमलं नाही. पेपरवाल्या मुलाचे मार्चचे बाकी होते तेवढे दिले. इस्त्रीवाल्याकडे कपडेच नव्हते. त्याला रेशनची गरज होती, ते चाळीच्या मंडळाकडून झालं. त्याबद्दल पुढे लिहिते.

यादीत आधी नसलेली एक गोष्ट मात्र आम्ही वर आणली, आणि ती प्रत्येकानं आणावी असं माझं ठाम सांगणं आहे. ती म्हणजे मेडिक्लेम. आमचा दोघांचाही आरोग्य विमा नोकरीतून मिळालेला होता. नोकरी गेली की तोही बहुतेक वेळा संपतो, हे पगाराच्या दुःखात कुणाच्या लक्षात येत नाही. तिकडे परळच्या केईएमबाहेर रुग्णवाहिकांची रांग, इकडे घरात सत्तरीकडे झुकलेली सासू. नवऱ्याचा विमा अजून चालू होता तेवढ्यात आम्ही घरातल्या सगळ्यांचा स्वतंत्र आरोग्य विमा काढला. त्याच्या हप्त्यासाठी माझ्या पाटल्या बँकेत गहाण ठेवल्या. त्या ऑगस्टमध्ये सोनं तोळ्याला पन्नास हजारांच्या पुढे होतं आणि रिझर्व्ह बँकेनं सोनेतारणाची मर्यादा 75 टक्क्यांवरून 90 टक्के केली होती. काउंटरवर मला म्हणाले, "मॅडम, अजून उचलू शकता." मी पाटल्यांच्या किमतीच्या निम्म्याहूनही कमी उचललं. जितकं फेडू शकू तितकंच घ्यायचं. भाव खाली आला तर बँक वरचे पैसे मागते, आणि तेव्हा ते कुठून आणणार होतो?

खर्चाच्या काटछाटीबद्दल फार लिहीत नाही, ती प्रत्येक घराला आपोआप समजते. सोनाराकडची भिशी थांबवली, मुलाचा नवा मोबाइल राहिला, शाळेत फीचे हप्ते पाडून घेतले. एक मात्र आत्यांनी कापू दिलं नाही. वर्षाचा मसाला. लालबागची मिरचीगल्ली बंद होती, ती उघडल्यावर आम्ही निम्माच मसाला केला. पण त्यातली एक बरणी नेहमीप्रमाणे शेजारच्या खोलीत गेली. त्या खोलीतले काका एकटे राहतात.

आता मंडळाचं. आमच्या चाळीचं गणेशोत्सव मंडळ जुनं आहे. त्या वर्षी सरकारनं सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरची दोन फुटांपर्यंत अशी मर्यादा घातली होती. पलीकडे लालबागच्या राजाच्या मंडळानं मूर्ती न बसवता आरोग्योत्सव केला, रक्तदान आणि प्लाझ्मादानाचा. आमच्याकडे तोपर्यंत जुनी वर्गणी शिल्लक होती. मंडप आणि मिरवणूक नाही म्हणजे ती वाचणार, मग त्यातून गरजूंना रेशन द्यावं असं ठरलं. हिशेब माझ्याकडे होता. सेक्रेटरी म्हणाले, गरजूंची नावं द्या.

एकही नाव आलं नाही. चाळीत कुणाचा पगार बंद आहे हे सगळ्यांना माहीत होतं, पण ज्या गॅलरीत आपण लहानाचे मोठे झालो त्या गॅलरीत कुणी येऊन "माझं नाव लिहा" म्हणेल का? दोन तरुण कार्यकर्ते म्हणाले, मग आम्हीच ठरवून पिशव्या दारात ठेवतो. त्यावर आत्या गॅलरीतूनच बोलल्या, "पिशवी दारात दिसली की समद्या मजल्याला कळतं, आज हितं चूल न्हाई म्हनून." संपात त्यांच्या दारात अशी पिशवी आली होती. ती त्यांनी घेतली, पण ती कुणीकुणी पाहिली हे त्यांना आजही नावानिशी आठवतं.

शेवटी ठरलं की प्रत्येक खोलीला सारखी पिशवी द्यायची. तांदूळ, तूरडाळ, तेल, साखर, चहा, साबण. ज्यांना नको त्यांनी ती मंडळाच्या खोलीत आणून ठेवायची, कुणी आणली आणि कुणी नाही याची नोंद करायची नाही. खर्च दुपटीच्या वर जात होता. अकाउंटंट म्हणून मला तो आकडा टोचत होता, सभेत मी तो मांडलाही. पण कुणाला मान खाली घालायला न लावता मदत पोहोचवायची तर त्याचा खर्च येतो आणि तो करावा, असं मी त्याच सभेत म्हटलं आणि ठरावावर सही केली. परत आलेल्या पिशव्यांतून दुसरी फेरी निघाली, तीत इस्त्रीवाला, रात्रीचा वॉचमन आणि कोपऱ्यावरचा चांभार आले. त्या पिशव्यांत चिठ्ठी होती, "चाळीकडून". आमच्या घरची पिशवी आम्ही परत केली नाही. त्या महिन्यात आम्हाला ती हवी होती.

पैसा देण्याची माझी ऐपत तिथेच संपत होती. पण माझ्याकडे एक गोष्ट होती, पीएफच्या कामाची माहिती. 28 मार्चला सरकारनं कोविडसाठी पीएफमधून परत न करण्याची उचल घ्यायला परवानगी दिली होती. तीन महिन्यांचं मूळ वेतन अधिक महागाई भत्ता, किंवा खात्यातल्या शिलकीच्या 75 टक्के, यातली कमी असेल ती रक्कम. आमच्या चाळीत निम्म्या घरांत कुणाचा ना कुणाचा पीएफ होता आणि बहुतेकांना आपला यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांकच माहीत नव्हता. संध्याकाळी गॅलरीत स्टूल टाकून मी लॅपटॉप घेऊन बसायला लागले, मुलगा नेट जोडून द्यायचा.

तेव्हा शिकले ते इथे लिहून ठेवते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. नियम नंतर बदलत गेले आहेत, म्हणून अर्ज करण्याआधी आजचा नियम पोर्टलवर वाचावा. तेव्हाच्या अडचणी अशा होत्या. पहिली म्हणजे नाव. आधारवर एक स्पेलिंग, पीएफमध्ये दुसरं, कंपनीतल्या क्लार्कनं वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं. ते जुळल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही. दुसरी म्हणजे बँक खातं. चेकवर किंवा पासबुकावर नाव छापलेलं स्पष्ट दिसावं लागायचं, नाहीतर अर्ज फेटाळला जायचा. तिसरी सगळ्यात त्रासाची. नोकरी सोडल्याची तारीख कंपनीनं टाकलेलीच नसते, आणि ती नसेल तर पूर्ण रक्कम काढण्याचा अर्ज करता येत नाही. जानेवारी 2020 पासून ही तारीख कामगार स्वतः टाकू शकतो, फक्त शेवटची वर्गणी भरल्यानंतर दोन महिने थांबावं लागतं. हे कळल्यावर एका शेजाऱ्याच्या डोळ्यात पाणी आलं. त्या एका तारखेसाठी तो किती काळ जुन्या मालकाकडे खेटे घालत होता. आणि पाच वर्षांपेक्षा कमी नोकरी असेल तर रकमेतून कर कापला जाऊ शकतो. उत्पन्न करपात्र नसेल तर तेव्हा 15 जी फॉर्म जोडावा लागायचा.

ज्यांना दम धरणं शक्य होतं त्यांना मी सगळे पैसे काढू नका असंही सांगायचे. पीएफ म्हणजे म्हातारपणची पुंजी. काहींना राग यायचा, "तू फक्त भरून दे." मी भरून द्यायचे, पण आधी एकदा सांगायचे. कुणाचा ओटीपी मी स्वतःकडे लिहून घेतला नाही, प्रत्येकानं आपल्या हातानं टाकायचा हा नियम पाळला. पैसे कुणी देऊ केले तर नाही म्हणायचे. मग वाटीतून काही ना काही यायला लागलं, कुणाकडून सुकट, कुणाकडून लसणाची चटणी, आणि ती वाटी धुऊन रिकामी परत द्यायची नाही म्हणून आमच्याकडूनही काहीतरी जायचं. त्या महिन्यांत भाजी आणायचे पैसे नव्हते असे काही दिवस होते, पण जेवणात कालवण नाही असा दिवस आठवत नाही.

21 ऑक्टोबरला सगळ्या बायकांना ठरावीक वेळात लोकलची परवानगी मिळाली, सकाळी अकरा ते तीन आणि संध्याकाळी सातनंतर. दिवाळीच्या सुमारास मला फोर्टमध्ये एका सीएच्या ऑफिसात अर्धवेळ काम मिळालं, ते गॅलरीतल्या ओळखीतून. ज्यांची तारीख टाकून दिली होती त्यांच्या भाचीनं माझं नाव तिथे सुचवलं होतं. पगार जुन्याच्या निम्माही नव्हता. नवऱ्याला हॉटेलनं पुढच्या वर्षी परत बोलावलं, कमी पैशांत.

मैत्रिणीला मी आमची ती उलटी केलेली यादी पाठवली आहे. तिनं लगेच विचारलं, "आणि आपल्याला कुणी दिलं तर घ्यायचं का?" घ्यायचं, असं मी तिला कळवलं. तिच्या नवऱ्याचा नोकरीतला आरोग्य विमा कधी संपतो ते आजच बघ, हेही लिहिलं.

आमच्या यादीचा क्रम आम्ही तसाच ठेवला आहे. पगार झाला की पहिल्या दिवशी मावशींचे आणि डबेवाल्याचे पैसे जातात. डबेवाला परत आला, पण आता गिऱ्हाइकं कमी आहेत म्हणतो. मावशींना वर्षाकाठी भरपगारी रजा ठरवून दिली आहे. वाढलेल्या बारा हप्त्यांपैकी काही बोनसमधून कमी केले, काही राहिलेत. पाटल्या सोडवल्या.

लॅपटॉप अजून गॅलरीत येतो. सध्या खालच्या मजल्यावरच्या एका सिक्युरिटी गार्डचं काम हातात आहे. त्यांच्या पगाराच्या स्लिपवर दर महिन्याला पीएफ कापलेला दिसतो, पण पासबुकात दोन वर्षांची एकही नोंद नाही, म्हणजे एजन्सीनं पैसे कापले आणि भरलेच नाहीत. पोर्टलवर तक्रार नोंदवली आहे. अशा थकीत वर्गणीची चौकशी पीएफ कार्यालय करतं, आणि तिच्यासाठी पुरावा लागतो. बऱ्याच स्लिपा हरवल्या असं ते म्हणत होते, पण त्यांच्या बायकोनं त्या रेशनकार्डाच्या पिशवीत जपून ठेवल्या होत्या. मधल्या सात महिन्यांच्या तेवढ्या नाहीत. त्या महिन्यांचा पगार बँकेत जमा झालेला आहे, म्हणून शनिवारी आम्ही दोघं त्यांच्या शाखेत खात्याचा उतारा आणायला जाणार आहोत.